निवेदनानंतर काय? विद्यापीठ संघटनेचा प्रश्न स्टाफरूमपासून सभागृहापर्यंत कसा न्यायचा

विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या संघटनांचा एक ठरलेला रिवाज आहे. मागणी पुढे आली की लेटरहेडवर निवेदन तयार होतं. चार पदाधिकारी आमदारांच्या संपर्क कार्यालयात जाऊन येतात, निवेदन देतानाचा फोटो ग्रुपवर पडतो, स्थानिक पुरवणीत चार ओळी छापून येतात. सहा महिन्यांनी तेच निवेदन तारीख बदलून पुन्हा दिलं जातं.

आमदारांना शिक्षणाबद्दल आस्था नसते, असा याचा अर्थ काढू नका. त्यांच्याकडे रस्ता, पाणी, वीज, बदली, दवाखाना अशा कामांची रीघ लागलेली असते. त्या रिघेत पुढे जातो तो प्रश्न, ज्याच्या मागे त्यांच्याच मतदारसंघातली माणसं पुन्हा पुन्हा दिसतात आणि जो सभागृहात जसाच्या तसा मांडता येईल अशा रूपात हातात येतो. यातली पहिली गोष्ट सहकाऱ्यांशिवाय होत नाही आणि दुसरी अभ्यासाशिवाय. म्हणून सहकारी जोडणं आणि लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करणं हे मी एकच काम मानतो. ते टप्प्याटप्प्याने कसं करायचं ते इथे मांडतो आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या अकृषी विद्यापीठांची आणि त्यांना संलग्न अनुदानित महाविद्यालयांची आहेत.

पायरी १ : प्रश्न नेमका कुणाच्या टेबलावर आहे ते शोधा

आमदारांकडे जाण्याआधी फाईल कुठे थांबली आहे ते माहीत हवं. एखाद्या सहकाऱ्याची स्थाननिश्चिती, म्हणजे सेवेनुसार वरच्या वेतनश्रेणीत जाणं, अडली असेल तर ती महाविद्यालयात, विद्यापीठात की विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयात अडली आहे? वैयक्तिक अन्यायाची तक्रार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तक्रार निवारण समिती आणि न्यायाधिकरणाची वाट दिलेली आहे. अशा वैयक्तिक कामासाठी आमदारांचा शब्द खर्च करू नये. तो धोरणाच्या प्रश्नासाठी राखून ठेवा.

धोरणाचा प्रश्न असेल तर आणखी खोलात जावं लागतं. पदभरतीचंच पाहा. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांच्या भरतीला मान्यता दिली. त्यांपैकी १,४९२ भरून झाली आणि मे २०२० मध्ये कोरोनामुळे वित्त विभागाने नव्या भरतीवर निर्बंध आणले. उरलेली २,०८८ पदं अडकली, ती थेट नोव्हेंबर २०२१ च्या मान्यतेपर्यंत. त्या काळात पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयात रोज खेटे घालूनही उपयोग नव्हता, कारण कुलूप वित्त विभागाचं होतं. अशा वेळी उच्च शिक्षणमंत्र्यांइतकंच अर्थमंत्र्यांच्या जवळच्या आमदारांना भेटावं लागतं.

वेतन आयोगाच्या शिफारशी आणि पात्रतेचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाकडून येतात. ते विषय खासदारांचे. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं, म्हणून बरेच प्रश्न दोन्हीकडे लटकतात. त्यातला राज्याचा भाग कोणता आणि केंद्राचा कोणता हे वेगळं काढून ठेवा. नाहीतर आमदार म्हणतात, "हे दिल्लीचं आहे," खासदार म्हणतात, "हे मुंबईचं," आणि दोघांचंही थोडंथोडं खरं असतं.

माहिती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, एका अर्जात एकच विषय ठेवायचा. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं, शेवटचा प्रस्ताव कोणत्या तारखेला आणि कोणत्या जावक क्रमांकाने गेला, एवढंच विचारा. संघटनेने वर्षानुवर्षं केलेल्या भाषणांपेक्षा हा जावक क्रमांक जास्त कामाचा असतो.

पायरी २ : मागणी एक, कागद एक

बावीस मागण्यांचं निवेदन म्हणजे एकही मागणी नाही. मोठ्या मागणीपत्रकाची जागा राज्य महासंघाच्या अधिवेशनात आहे. आमदारांच्या हातात द्यायच्या कागदावर एकच मागणी हवी.

जुन्या पेन्शनच्या लढ्याकडे या नजरेने बघा. १ नोव्हेंबर २००५ ही एक तारीख, जिच्यापासून नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली, आणि "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही एक ओळ. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत कुणालाही ती कुणापुढेही सांगता येत होती. १४ मार्च २०२३ ला, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, राज्यभर संप सुरू झाला. सरकारने सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली, आणि २० मार्चला संप मागे घेतला गेला. मिळालं ते पुरेसं होतं का, यावर संघटनांत आजही मतभेद आहेत. पण मागणी काय आहे हे गावच्या पारावर बसलेल्या माणसालाही ठाऊक झालं होतं, आणि हे फार मोठं काम असतं.

कागदावर चार गोष्टी असू द्या : मागणी एका वाक्यात, ती न झाल्याने या तालुक्यातल्या विद्यार्थ्यांचं काय होतं, आजवरच्या शासन निर्णयांच्या तारखा आणि संकेतांक, आणि आमदारांनी नेमकं काय करावं. शेवटची गोष्ट बहुतेक निवेदनांत नसते. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहून आपण मोकळे होतो. त्याऐवजी "येत्या अधिवेशनात सोबत जोडलेला तारांकित प्रश्न द्यावा" किंवा "अमुक प्रस्तावाबाबत वित्त विभागाकडे बैठक लावावी" असं लिहा. (तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो.)

विद्यार्थ्यांचा मुद्दा तोंडी लावण्यापुरता ठेवू नका. आमदाराला आमच्या पगारापेक्षा त्याच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात रसायनशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापक नाही, ही गोष्ट लगेच कळते. त्या बाकांवर बसलेल्या मुलांचे आईवडील त्याचेच मतदार आहेत. आणि ती आपलीही खरी वेदना आहे, तर ती पहिल्या ओळीत का नसावी?

पायरी ३ : सहकाऱ्यांना जोडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सभा बोलावून भाषण केल्याने माणसं जोडली जात नाहीत. समोरासमोर बसून, चहा घेत, एकेकाशी बोलल्याने जोडली जातात. आणि त्या बोलण्यात दोन तृतीयांश वेळ आपण ऐकायचं असतं.

परीक्षा विभागातल्या एका वरिष्ठ लिपिक मॅडमशी बोलणं साधारण असं चालतं :

"मॅडम, सध्या टेबलावर किती काम आहे?"

"अहो सर, तिघांचं टेबल एकटी बघते. दोघं रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही."

"मग निकाल लागेपर्यंत रात्रीच होत असेल."

"निकालाच्या दिवसांत घरी जेवायला साडेनऊ होतात. आणि उशीर झाला की पेपरात विद्यापीठाचं नाव येतं, आमचं दुखणं येत नाही."

"हे तुम्ही आमदारांपुढे सांगाल का? असंच, या शब्दांत?"

"मी? मला नाही जमायचं बाई साहेबांपुढे बोलायला."

"बोलायचं मी बघतो. तुम्ही फक्त तिघांच्या कामाची यादी सांगा."

इथे थांबायचं. पहिल्याच भेटीत मोर्चाला या, वर्गणी द्या, फॉर्म भरा असं सगळं मागितलं की माणूस बिथरतो. एक लहान काम द्यायचं आणि ते झाल्यावर आभार मानायला पुन्हा जायचं. मॅडमनी यादी दिली की पुढच्या खेपेला त्या सोबत येतात, त्याच्या पुढच्या खेपेला स्वतः बोलतात. तिघांचं काम एकटीने ओढणाऱ्या बाईने आमदारापुढे उच्चारलेलं एक वाक्य अध्यक्षांच्या अर्ध्या तासाच्या मांडणीपेक्षा खोल जातं.

प्रत्येक विभागात, प्रत्येक महाविद्यालयात एक संपर्क माणूस ठरवा. पदाधिकारीच हवा असं नाही. ज्याच्याकडे लोक आपणहून अडचण सांगायला जातात तो माणूस शोधायचा. बऱ्याचदा तो ग्रंथालयात असतो किंवा लेखा विभागात. अशा माणसाने दहा ते पंधरा जणांची जबाबदारी घ्यावी. त्याहून जास्त नको, कारण मग ओळख राहत नाही, नुसती यादी उरते.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणाऱ्या, सहकाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्यामुळे नाव पुढे आलं तर पुढच्या वर्षी तासिका मिळतील का ही भीती खरी असते. तिला भित्रेपणा म्हणू नका. त्यांच्याकडून माहिती घ्या, नावं गाळून कागदात वापरा, आणि आमदारांपुढे उभं राहायला कायम नोकरीतली माणसं जाऊ द्या. मागणी ठरवताना मात्र त्यांना खोलीत जागा हवी. कायम प्राध्यापकांची संघटना तासिकावाल्यांचा प्रश्न फक्त मोर्चाची गर्दी वाढवण्यापुरता आठवते असं त्यांना वाटत असेल, आणि अनेक ठिकाणी वाटतं, तर तो समज कृतीने पुसावा लागतो. शुल्क सवलतीने ठेवा, कार्यकारिणीत जागा द्या, आणि मानधन वेळेवर निघावं यासाठी सहसंचालक कार्यालयात स्वतः जा.

शिक्षक आणि शिक्षकेतर हा दुरावा आपण उगाच वाढवून ठेवला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आश्वासित प्रगती योजना आणि १०-२०-३० वर्षांच्या लाभासाठी, म्हणजे ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळावी यासाठी, परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा विद्यापीठ कुणाच्या खांद्यावर चालतं ते सगळ्यांना दिसलं. दोन्हींच्या मागण्या वेगळ्या राहतील, राहू द्या. पण आमदारांच्या भेटीला दोघांची माणसं एकत्र गेली तर "तुमच्यात आधी एकमत करा" हे उत्तर मिळण्याची वाट बंद होते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा उपयोग निरोप देण्यापुरता करा. तिथे शंभर अंगठे उमटतात आणि भेटीला चौघं येतात. कोण येणार हे फोनवर विचारून नोंदवलेलं बरं.

नुटा ही नागपूर-अमरावती भागातली प्राध्यापक संघटना आपल्या बुलेटिनमधून शासन निर्णय, पत्रव्यवहार, निकाल असे मूळ कागद छापत आली आहे. सदस्यांना सारांशापेक्षा मूळ कागद वाचायला देणं ही मला फार आदर्श पद्धत वाटते. त्याच नुटाचे प्रा. बी. टी. देशमुख अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी ३० वर्षं विधान परिषदेत होते. ज्या संघटनेचे सदस्य कागद वाचतात, तिच्या प्रतिनिधीला सभागृहात कुणी सहज गप्प करू शकत नाही.

पायरी ४ : कोण कुणाचा मतदार, याची वही

सहकाऱ्यांची यादी विभागवार असते, ती आता मतदारसंघवार करा. नोकरीचं गाव आणि मताचं गाव बहुतेकांचं वेगळं असतं. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात काम करणारा माणूस तासगावचा मतदार असतो, कराडचा असतो, कागलचा असतो. या विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. कोल्हापूरच्या १० आणि सांगली-साताऱ्याच्या प्रत्येकी ८ धरल्या तर विधानसभेच्या २६ जागा झाल्या. प्रत्येक जागेसाठी तिथलेच तीन-चार मतदार सहकारी ठरले की विद्यापीठाच्या एका प्रश्नाला २६ दारं मिळतात. शहरातल्या एकाच ओळखीच्या आमदाराकडे सगळ्यांनी जाण्याची सवय मोडा.

मग येतात विधान परिषदेचे सदस्य. ७८ जणांच्या त्या सभागृहात ७ शिक्षक मतदारसंघांतून आणि ७ पदवीधर मतदारसंघांतून निवडून येतात. आपल्या प्रश्नांवर तिथे मुळातून बोलणारी माणसं प्रामुख्याने हीच. शिक्षक मतदारसंघात मत देण्यासाठी मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं लागतं. शिक्षकेतरांना तिथे मत नाही, पण पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील तर पदवीधर मतदारसंघात आहे.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. या दोन्ही मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. शिक्षकांनी नमुना १९, पदवीधरांनी नमुना १८ पुन्हा भरायचा, आणि १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख, म्हणजे पात्रता मोजण्याची तारीख, धरली जाते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहिलेले प्राध्यापक मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत येतात. मतदान पसंतीक्रमाने असतं, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच आकडे लिहायचे असतात, चुकीची खूण केली की मत बाद. सुशिक्षितांच्या या मतदारसंघात बाद मतं पडावीत याची मला मनापासून खंत वाटते. निवडणुकीच्या आधी प्रत्येक महाविद्यालयात अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक घ्या.

पायरी ५ : मर्यादा नीट समजून घ्या

भीती आणि बेफिकिरी दोन्ही टाळायला हे आवश्यक आहे.

वैयक्तिक बदली, बढती किंवा चौकशी यासाठी राजकीय दबाव आणणं आणि संघटनेने धोरणावर लोकप्रतिनिधींना भेटणं यांत फरक आहे. पहिल्या गोष्टीला शासकीय वर्तणूक नियमांत मनाई आहे. दुसरी संघटनेचं कामच आहे. विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या कर्मचाऱ्यांना आपापले परिनियम लागू होतात, शिक्षकेतरांसाठी १९८४ ची प्रमाण संहिता आहे. ते वाचून, आपल्या वकिलांना दाखवून मगच पत्रक काढा.

भेटीला जाताना रीतसर किरकोळ रजा टाका. महाविद्यालयाचं लेटरहेड, कार्यालयीन ईमेल, झेरॉक्स मशीन यांना हात लावू नका. विद्यार्थ्यांना गर्दीसाठी नेऊ नका, ते चूकच आहे. त्यांना त्यांच्या स्वतःच्या संघटनांमधून, स्वतःच्या मर्जीने यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पैशांचंही पाहा. कामगार संघटना म्हणून नोंदणी असेल तर राजकीय कामासाठी वेगळा निधी लागतो आणि त्याची वर्गणी ऐच्छिकच असावी लागते. ती दिली नाही म्हणून कुणाचं सदस्यत्व किंवा लाभ काढता येत नाही. ही तरतूद १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून चालत आलेली आहे, आणि उमेदवाराच्या प्रचाराइतकाच मतदार नोंदणीचा खर्चही तिच्यात मोडतो. म्हणजे नमुना १९ च्या मोहिमेचा खर्च साध्या वर्गणीतून करू नका.

प्राध्यापकांनी विधिमंडळाकडे जास्त गांभीर्याने बघावं, याला एक कायदेशीर कारणही आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये निकाल दिला की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक कामगार ठरत नाहीत. औद्योगिक न्यायालयाचा जो आधार इतरांना मिळतो तो आपल्याला तसा मिळत नाही. शासन निर्णय आणि कायदा बदलून घेणं हाच मोठा रस्ता उरतो.

पायरी ६ : आमदारांची भेट

वेळ पीएंकडून घ्या आणि पीएंना मान द्या. आमदारांचा दिवस तेच लावतात, कागद कोणत्या फायलीत जाणार तेही तेच ठरवतात.

चार ते सहा जण पुरे. त्यांत निम्मे तरी त्या मतदारसंघाचे मतदार असावेत, किमान एक महिला, एक शिक्षकेतर. ओळख करून देताना पदाआधी गाव सांगा : "साहेब, मी अमुक गावचा, तिथल्याच महाविद्यालयात शिकवतो." मग एकाने दोन मिनिटांत मागणी मांडायची, दुसऱ्याने एक प्रसंग सांगायचा, तिसऱ्याने कागद देऊन काय हवंय ते स्पष्ट म्हणायचं. चौथा काही न बोलता लिहून घेतो. काय विचारलं, काय कबूल केलं, कोणत्या अधिकाऱ्याला फोन लावला, हे सगळं त्याच संध्याकाळी वहीत उतरवा.

साहेब, दादा, ताई, भाऊ, जे त्या भागात म्हणतात ते म्हणा. पण लाचारीने बोलू नका. "आपल्या कृपेने" वगैरे शब्द शिक्षकांच्या तोंडी शोभत नाहीत. त्यांनी उलट प्रश्न विचारले तर चिडू नका. "तुमचे प्राध्यापक वर्गावर जात नाहीत अशी तक्रार आहे," हे हमखास ऐकायला मिळतं. खरं असेल तिथे मान्य करा, आणि रिक्त जागांमुळे वर्गच होत नाहीत तो आकडा पुढे ठेवा.

महाराष्ट्रातली एक खास अडचण इथे येते. अनेक आमदार स्वतः शिक्षणसंस्था चालवतात. म्हणजे ज्यांना भेटायचं तेच कुणाचे तरी संस्थाचालक असतात. अशा भेटीला त्यांच्या संस्थेतल्या सहकाऱ्यांना पुढे करू नका, दुसऱ्या संस्थेतली माणसं न्या. विषयही निवडून घ्या. वेतनेतर अनुदान, पदभरती, प्रयोगशाळा हे विषय संस्थेला आणि कर्मचाऱ्याला दोघांनाही हवे असतात, तिथे संस्थाचालक आमदार आपला उत्तम वकील होऊ शकतो. नियुक्त्यांतली पारदर्शकता किंवा सेवापुस्तकातल्या नोंदी हे विषय शिक्षक आमदारांकडे न्या.

सत्ताधारी आणि विरोधी दोघांना भेटा, आणि दोघांना तसं सांगूनच भेटा. विरोधी आमदार प्रश्न धारदार करतो, सत्ताधारी आमदार बैठक लावून देतो. संघटनेला दोन्ही हवं. सदस्यांनी कोणत्या पक्षाला मत द्यावं हे संघटनेने सांगू नये असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्यात सगळ्या विचारांची माणसं आहेत आणि एका पक्षाचा शिक्का बसला की निम्मे सहकारी गळतात.

पायरी ७ : सभागृहात जाईल असा कागद तयार करा

वर्षात तीन अधिवेशनं होतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर कागद घेऊन धावणाऱ्यांना ही वाट बंद झालेली असते. मग उरतात लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा, म्हणजे तातडीचा विषय सभागृहात मांडण्याच्या वाटा. मिळालेलं उत्तर अपुरं असेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. अर्थसंकल्पी अधिवेशनात विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते, म्हणजे खर्चात कपात सुचवून विषय मांडता येतो, तीही विसरू नका.

प्रश्न आपणच लिहून द्यावा, आणि विधिमंडळाच्या ठरलेल्या भाषेत द्यावा. नमुना असा :

(१) … जिल्ह्यातील अनुदानित महाविद्यालयांमध्ये सहायक प्राध्यापकांची मंजूर … पदांपैकी … पदे रिक्त असल्याचे माहे … मध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, उक्त पदभरतीचा प्रस्ताव दिनांक … रोजी, जावक क्रमांक … अन्वये शासनास सादर करण्यात आला आहे, हे खरे आहे काय;
(३) असल्यास, त्यानुसार शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या पायरीतला जावक क्रमांक दुसऱ्या पोटप्रश्नात कसा येऊन बसतो बघा. "पदे रिक्त आहेत काय" एवढंच विचारलं तर "अंशतः खरे आहे" आणि "प्रश्न उद्भवत नाही" यांवर भागतं. तारीख आणि क्रमांक दिला की कक्ष अधिकाऱ्याला फाईल काढावीच लागते. कित्येकदा सभागृहात उत्तर येण्याआधी, ते तयार करतानाच फाईल हलते.

उत्तरात "प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे" असं आलं तर निराश होऊ नका. ते आता सरकारचं लेखी म्हणणं झालं. कोणत्या विभागाच्या विचाराधीन, किती दिवसांपासून, हा पुढचा प्रश्न. आणि मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं असेल तर ते शब्दशः उतरवून घ्या, कारण त्याचा मागोवा घ्यायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

विद्यापीठाच्या अधिसभेलाही (सिनेटलाही) कमी लेखू नका. तिथे निवडून आलेले शिक्षक आणि पदवीधर असतात, विधिमंडळाचे नामनिर्देशित सदस्यही असतात. अधिसभेने केलेला ठराव हा विधिमंडळातल्या प्रश्नाला जोडायला भक्कम कागद आहे.

पायरी ८ : रस्त्यावर कधी उतरायचं

मुंबईत आझाद मैदान, नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या काळातले मोर्चे, पुण्यात संचालनालयासमोर धरणं. या सगळ्याला अर्थ येतो तो आधीच्या पायऱ्या झाल्या असतील तर. सभागृहात प्रश्न लागलेला आहे, आत आपले दोन-चार आमदार बोलायला तयार आहेत आणि बाहेर हजार माणसं बसली आहेत, अशा दिवशी मंत्री शिष्टमंडळाला बोलावतात. शिष्टमंडळात कोण जाणार, किती कमी मिळालं तरी चालेल आणि कशावर उठून यायचं, हे आदल्या रात्री ठरलेलं असावं.

परीक्षांवरचा बहिष्कार हे हत्यार फार जपून वापरा. २०१३ मध्ये एम्फुक्टो या राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या नेतृत्वाखाली प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. फेब्रुवारीत सुरू झालेलं ते आंदोलन उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मे महिन्यात थांबलं, आणि ७१ दिवसांच्या कापलेल्या पगाराचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. मागण्या रास्त होत्या हे मी आजही म्हणेन. पण परीक्षा अडल्या की पालक आपल्या विरोधात जातात, आणि पालक विरोधात गेले की आमदार आपल्या बाजूने बोलायला कचरतो.

पायरी ९ : अधिवेशन संपल्यावर

ज्यांनी प्रश्न मांडला त्या सदस्यांना आठवड्याच्या आत भेटून आभार माना, ते सत्तेत असोत की विरोधात. उत्तराची प्रत काढून प्रत्येक विभागातल्या संपर्क माणसाकडे पोचवा. ज्या मॅडमनी कामाची यादी दिली होती त्यांना उत्तरातला नेमका परिच्छेद दाखवा, म्हणजे आपला शब्द कुठवर पोचला ते त्यांना कळेल.

शासन निर्णय निघाला तर तो ओळ न् ओळ वाचा. "वित्त विभागाच्या सहमतीच्या अधीन राहून" किंवा "थकबाकी अनुज्ञेय राहणार नाही" अशी एखादी ओळ सगळा लाभ खाऊन टाकते, आणि तिच्यासाठी शुद्धिपत्रकाची मागणी लगेच करावी लागते. निर्णय निघाल्यानंतर सहसंचालक कार्यालयांत त्याचा अर्थ वेगवेगळा लावला जातो, म्हणून एका विभागात मंजूर झालेल्या प्रकरणाची प्रत दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्यांना पाठवा.

मतदारसंघांची वही दर सहा महिन्यांनी तपासा. कोण निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, नवीन कोण आलं. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला पहिल्या महिन्यातच भेटा, वर्गणीचं नाव न काढता. अडचण विचारा, मताचं गाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा.